तुले कोनी सांगं?

आमच्या चोपडा तालुक्यात यंदा एका वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होतो. सहावी ते नववीची एकवीस मुलं बोलली. त्यांतल्या आठ जणांनी छत्रपती संभाजी महाराजांच्या तोंडचं म्हणून एकच वाक्य म्हटलं. शब्द तेच, थांबायच्या जागाही त्याच. वाक्य मोठं देखणं आहे, ऐकताना अंगावर काटा येतो. पण ते महाराजांचं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी एका कादंबरीकाराने ते लिहिलं. मला हे ठाऊक होतं, कारण कॉलेजात असताना ती कादंबरी मी तीनदा वाचली होती, तिसऱ्यांदा तर रडत. तरी पहिलं बक्षीस मी त्याच वाक्यावर भाषण संपवणाऱ्या मुलीला दिलं, आणि तिला बाजूला घेऊन 'बेटा, हे कुठून घेतलंस?' एवढंही विचारलं नाही. चूक माझी. ती मनातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझी आजी शिरपूरकडची. तिला अक्षरओळख नव्हती. कुणी ओट्यावर येऊन, अमक्याने तमक्याच्या बांधावर रात्री काय केलं ते रंगवून सांगू लागलं की दादर ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता ती अहिराणीत विचारायची, 'तुले कोनी सांगं?' तुला कोणी सांगितलं? सांगणारा म्हणे, सारं गाव म्हणतंय. मग तिचा दुसरा प्रश्न: 'तू व्हता का तठे?' म्हणजे तू होतास का तिथे? तिला गोष्ट नको असायची असं मुळीच नाही. गोष्टींची ती भुकेलीच होती. आमच्याकडच्या कानबाई देवीच्या रातजाग्याला सगळ्यांत शेवटी उठणारी बाई ती. पण गोष्ट ऐकताना ती हा प्रश्न कधी विचारत नसे, आणि गावातल्या जित्याजागत्या माणसाबद्दल कुणी बोलू लागलं की विचारल्याशिवाय राहत नसे.

खऱ्या माणसांवरची पुस्तकं वाचताना आपण हा प्रश्न विसरलो आहोत, एवढंच माझं म्हणणं आहे. नामवंत असो की बदनाम, माणूस खरा होऊन गेला असेल तर त्याच्याबद्दलच्या प्रत्येक पानाला हा प्रश्न लागू होतो, मग ते पान कादंबरीचं असो, चरित्राचं असो की सरकारी अहवालाचं. 'कादंबरी म्हणजे थापा, चरित्र म्हणजे सत्य' ही वाटणी मला मान्य नाही. 'मी सांगतो ते माझ्या कल्पनेतलं आहे' असं उघड म्हणणारी कादंबरी प्रामाणिक असते. सांगणारा कोण हे लपवणारं चरित्र तसं नसतं.

संभाजी महाराजांचंच बघा, त्यांना दोन्हीकडून सोसावं लागलं. मराठी रंगभूमीवर कित्येक वर्षं ते व्यसनी, बेफाम, बापाचं राज्य घालवणारे म्हणून उभे राहत. नाटककारांनी हे सगळं मनाने रचलं नव्हतं, त्यांच्या पाठीशी बखर होती. मल्हार रामराव चिटणिसांनी ती महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली. आणि हे मल्हार रामराव शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशातले. त्या बाळाजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये मृत्युदंड दिला होता. नाटक बघून घरी जाणाऱ्या एखाद्याने तेव्हा 'तुले कोनी सांगं?' विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं की ज्यांचा पूर्वज त्यांनी मारला त्यांच्या घरातून कळलं. तेवढ्याने बखर खोटी ठरत नाही. सांगणारा कोण, हे मात्र आधी कळायला हवं होतं. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं दप्तरं धुंडाळली आणि १९६० मध्ये महाराजांचं साधार चरित्र मराठीत आलं. त्यानंतर वारं फिरलं. कादंबऱ्या आल्या, मालिका आल्या, आता पडद्यावरही महाराज आहेत, आणि आता त्यांच्यात एकही दोष उरलेला नाही. आधी दोष नाटकाने चिकटवले, मग ते कादंबरीने धुऊन काढले. मधला तो जाडजूड, तळटिपांनी भरलेला ग्रंथ ज्याने हे सगळं शक्य केलं, तो आमच्या वाचनालयातून गेल्या पाच वर्षांत दोनदाच घरी गेला. दुसऱ्यांदा नेणारा मीच होतो.

आनंदीबाईंना तेवढाही कैवारी मिळाला नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, यात वाद नाही. पण 'धरावे'चं 'मारावे' केलेली ती चिठ्ठी आजवर कुणी पुढे ठेवलेली नाही. तरी 'ध'चा 'मा' पाचवीतलं पोरही बोलून जातं. एखादी बदनामी म्हण होऊन बसली की मग कुठलंच संशोधन तिला हलवत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे कागदपत्रं तेवढी वाचा, कादंबऱ्या बंद करा. छे. कागदाची गोष्ट आम्हा खानदेशवाल्यांना वेगळ्या तऱ्हेने माहीत आहे. १८८० मध्ये निघालेला खानदेशचा गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, हा आमच्या भागावरचा सगळ्यांत भरघोस ग्रंथ आहे. कापूस, विहिरी, नद्या, बाजारपेठा यांच्यासाठी मी तो पुन्हा पुन्हा उघडतो. पण सातपुड्यातला भिल्ल त्यात येतो तो 'उपद्रव' म्हणून. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती खानदेश आला, १८२५ पासून औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली, आणि मग हळूहळू 'शांतता' आली, असा तो प्रवास. लिहिणारे सरकारी अधिकारी, त्यांनी वापरलेले कागद सरकारचेच. एकही ओळ खोटी नसेल, तरी सगळ्या ओळी एकाच बाजूच्या आहेत.

खाज्या नाईक या माणसाकडे या कागदांतून बघितलं की मन अस्वस्थ होतं. सेंधव्याच्या घाटात, मुंबई-आग्रा रस्त्यावर, तो इंग्रजांच्याच चाकरीत पहाऱ्यावर होता. त्याच्या हातून एक संशयित मेला, त्याला शिक्षा झाली, शिक्षा भोगून सुटल्यावर तो पुन्हा नोकरीत घेतला गेला. आणि १८५७ मध्ये त्याच घाटाचा राखणदार सरकारविरुद्ध उठला. सरकारी खजिना लुटला गेला, एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली, १८६० मध्ये तो दग्याने मारला गेला. हे सगळं मिळतं. नोकरी, गुन्हा, शिक्षा, बंड, शेवट. पण राखणदाराचा बंडखोर होताना त्याच्या मनात काय चाललं होतं, त्याच्या बायकोने काय म्हटलं, ज्या रस्त्यावर वर्षानुवर्षं पहारा दिला त्याच रस्त्यावर वाट अडवून बसताना त्याला काय वाटलं, याचा कागद कुठे असणार? त्याने स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही. लिहून ठेवलंय ते त्याच्या मागावर असलेल्यांनी.

अशा ठिकाणी मला कादंबरीकार हवा आहे. नुसती सूट म्हणून नाही, ती तिथली गरजच आहे. जिथे एकाच पक्षाने बोलून घेतलंय आणि दुसरा मुका राहिला आहे, तिथे जाणीवपूर्वक, अभ्यास करून, त्या डोंगरात राहून केलेली कल्पना सत्याच्या जास्त जवळ जाऊ शकते. म्हणून मी एक माप धरतो: कागद जितका कमी, तितकी लेखकाला सूट जास्त, आणि कागद जितका जास्त तितकी कमी. ज्याची स्वतःची पत्रं, हुकूम, दानपत्रं, शत्रूंच्या बातमीदारांच्या नोंदी, सगळं छापून तयार आहे, त्याच्या तोंडी पानभर स्वगत घालताना हात थरथरायला हवा. आणि ज्याचं काहीच उरलं नाही त्याच्याबद्दल लिहायला कुणी धजतच नाही, हे आमचं दुखणं. आमच्या वाचनालयाच्या कपाटात पेशव्यांवरच्या कादंबऱ्यांना दोन फळ्या पुरत नाहीत. खाज्या नाईकावर एक पुस्तक नाही. शहाद्याच्या अंबरसिंग महाराजांना तर जाऊन अवघं अर्धं शतक झालंय. सत्तरच्या दशकात जमिनीसाठी लढणाऱ्या भिल्ल मजुरांचा हा पुढारी, तोही आमच्या फळीवर नाही.

हा मुद्दा जागेलाही लागू पडतो. धरणगाव इथून तापी ओलांडली की जवळच. सतराव्या शतकात ती कापडाची मोठी पेठ होती, इंग्रजांनी १६७४ मध्ये तिथे वखार घातली. पुढल्याच वर्षी मराठी फौजांनी धरणगाव लुटलं, १६७९ मध्ये पुन्हा. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभीच बुऱ्हाणपूरवर धाड पडली. मोगलांच्या मुलखातला पैसा तोडणं ही लढाईची नीती होती, हे मला कळतं, आणि मराठी वाचक म्हणून वाचताना मी त्या घोडेस्वारांबरोबरच दौडत असतो. पण मी खानदेशचाही आहे. ज्या गावातून ते घोडे गेले तिथल्या साळ्याच्या घरात त्या सकाळी काय झालं? कादंबरीत माझं गाव एका वाक्यात लुटलं जातं आणि मजकूर पुढे राजधानीकडे निघतो. मोठ्या माणसांवरची पुस्तकं वाचताना ती लढाई ज्यांच्या दारातून गेली त्यांच्याही बाजूने एकदा वाचून बघावं. राजांबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही. माझा तरी झाला नाही.

एकाच हाताने दोन्ही प्रकारचं लिहिलं तर काय होतं, हे बघायला अमळनेरला जावं. साने गुरुजी तिथे १९२४ ते १९३० शिक्षक होते. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि गुरुजी समोर बसून ते उतरवून घेत. आज आपण वाचतो ती गीतेवरची प्रवचनं त्या हाताने राखलेली आहेत. आजीने विचारलं असतं, 'तू व्हता का तठे?' गुरुजी म्हणाले असते, हो. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईबद्दल लिहिलं. तिथे आठवण आहे, माया आहे, आणि सांगणाऱ्या मुलाला त्यांनी स्वतःचं पाळण्यातलं नाव न देता दुसरं नाव दिलं आहे. ते दुसरं नाव म्हणजे वाचकाला दिलेली खूणच, की ही माझी आई आहे आणि ही गोष्टही आहे. पहिलं पुस्तक साक्षीदाराचं, दुसरं मुलाचं. दोन्ही खरी. पण दुसऱ्यातलं एखादं संभाषण उचलून 'गुरुजींच्या आईने अमुक तारखेला असं म्हटलं' म्हणून भाषणात ठोकलं, तर गुरुजींनी जपलेला फरक आपण पुसला.

ज्यांचं नाव वाईट अर्थाने गाजलं त्यांच्यावर पुस्तकं वाचावीत का, हा प्रश्न पालक मला हमखास विचारतात. दरोडेखोर, खुनी, टोळीवाले, पोरं बिघडतील. मला ही भीती फारशी पटत नाही. माणूस कुठल्या वळणावर वाकडा गेला हे अशाच पुस्तकात दिसतं, थोरांच्या चरित्रात ते वळण बहुतेकदा गाळलेलं असतं. माझी काळजी दुसरी आहे. अशा पुस्तकात मारणाऱ्याचं बालपण, त्याची आई, त्याचे कपडे, त्याची आवडती मोटरसायकल सगळं येतं. मेलेल्याचं फक्त नाव येतं, तेही कधी कधी चुकीचं. आणि मेलेल्याच्या घरची माणसं अजून त्याच गल्लीत राहत असतात.

१९९४ या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. फूलनदेवी जिवंत असतानाच तिच्यावरचा चित्रपट आला, आणि 'माझ्यावर झालेले अत्याचार माझ्या परवानगीशिवाय असे दाखवता कसे?' म्हणत ती न्यायालयात गेली. खाज्या नाईकाला जे करता आलं नाही ते तिने केलं, आपल्या गोष्टीच्या सांगणाऱ्याला तिने जाब विचारला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याच्या आत्मकथेबद्दल निकाल दिला. तुरुंगात लिहिलेली ती कथा एका तमिळ नियतकालिकाला छापायची होती, अधिकाऱ्यांना ती नको होती. न्यायालयाने सांगितलं की सरकार आधीच आडवं येऊ शकत नाही, सार्वजनिक नोंदींत जे आहे ते छापायला कुणाची संमती लागत नाही. पण त्या नोंदींपलीकडचं माणसाचं खाजगी आयुष्य त्याच्या संमतीशिवाय चव्हाट्यावर आणता येत नाही, आणि लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचं नाव तर नोंदीत असलं तरी मिरवायचं नाही. आजीचाच प्रश्न न्यायालयाने कायद्याच्या भाषेत विचारला असं मला वाटतं: हे तुला कुठून कळलं, आणि ते सांगायचा तुला हक्क आहे का? अशा पुस्तकांच्या प्रत्येक लेखकाने हा निकाल एकदा वाचावा.

मी बंदी मागतो आहे असं कुणी समजू नये. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. कारण एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात काय लिहिलं गेलं, हे. त्या दिवशी नासधूस झाली ती जुन्या पोथ्यांची आणि कागदांची. 'तुले कोनी सांगं?' या प्रश्नाचं उत्तर ज्या कागदांत मिळतं तेच फाडले गेले. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ उभं आहे. खेडोपाडी पायपीट करून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागदसुद्धा सोडवून आणणारा तो माणूस १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेला. त्या मंडळाच्या खानदेशात राहून आपण कागदावर हात उचलण्याची भाषा केली तर तोंड दाखवायला जागा नाही. प्रश्न खुर्चीत बसून, पुस्तक मांडीवर ठेवून विचारायचा असतो.

माझी मागणी लहान आहे. खऱ्या माणसावर कादंबरी लिहिणाऱ्याने शेवटी दोन पानं द्यावीत: कोणती पात्रं आणि कोणते प्रसंग मी रचले, संवाद कुठून आले, कोणत्या कागदाशी मी मुद्दाम फारकत घेतली आणि का. काही चांगले लेखक हे करतात. प्रकाशकांनी ते सगळ्यांकडून मागावं. कादंबरीची जादू याने उतरते म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की आमच्याकडच्या लोकनाट्यात, सोंगाड्या पार्टीत, रात्रभर राजा झालेला माणूस पहाटे रंग पुसून चहा प्यायला येतो, म्हणून पुढल्या रात्री त्याचा राजा कुणी कमी मानत नाही.

वाचनालयात आम्ही वाट बघत बसलो नाही. जूनपासून तीसेक पुस्तकांच्या आतल्या पानावर चिठ्ठी डकवली: 'यातले संवाद लेखकाने रचलेले आहेत. याच व्यक्तीवरची कागदपत्रांवर आधारलेली पुस्तकं कपाट तीनमध्ये.' चरित्रांवरही डकवली: 'लेखकाचं या व्यक्तीशी नातं, आणि हे त्यानंतर किती वर्षांनी लिहिलं, ते प्रस्तावनेत पाहा.' एक ज्येष्ठ सभासद फार रागावले. 'राजांच्या पुस्तकावर शंका घेता?' म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, राजांवर नाही, आपल्या कादंबरीकारावर, आणि तोही आपला लाडकाच आहे. ते तेव्हा निघून गेले. पंधरा दिवसांनी येऊन कपाट तीनची किल्ली मागितली. दुसरे एक शिक्षकमित्र म्हणाले की मुलं कादंबरीनेच इतिहासाकडे वळतात, ते दारच का बंद करता? दार बंद कुठे केलं? मीही त्याच दाराने आत आलो. उंबरठ्यावरच मुक्काम पडू नये, एवढ्यासाठी ही चिठ्ठी.

आता मी एक नोंदवही घातली आहे. केळीच्या कापणीला सातपुड्यातून येणाऱ्या मजुरांची मुलं आमच्या शाळेत असतात, आणि त्यांच्या घरी तंट्यामामाच्या गोष्टी अजून चालतात. निमाडच्या या भिल्लाला सरकारने दरोडेखोर म्हटलं, गोरगरिबांनी मामा म्हटलं, आणि १८८९ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्राने 'हिंदुस्थानचा रॉबिन हूड' म्हटलं, म्हणजे जितंजागतं माणूस समजायला त्यांना दंतकथेतला माणूस लागला. सातवीतल्या एका पावरा आदिवासी मुलाने मला गोष्ट सांगितली की मामाने सावकाराच्या वह्या तापीत बुडवल्या आणि पाणी तीन दिवस शाईचं वाहिलं. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? 'आजोबांनी. त्यांना त्यांच्या मामाने. तो केळीच्या गाडीवर बुऱ्हाणपूरला जायचा.' मी सगळी साखळी लिहून घेतली, गावासकट. मग समोरच्या पानावर लिहिलं: जबलपूर, फाशी, ४ डिसेंबर १८८९. पोराने ते वाचलं आणि मान हलवली. मामा मेला नाही, म्हणाला, पाताळपाणी स्टेशनाला त्याच्यासाठी अजून गाडी थांबते. मग बोट त्या तारखेवर ठेवून त्याने मला विचारलं, 'सर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?'

मी कपाट तीन उघडून पुस्तक काढलं आणि पान दाखवलं. त्याने पान वाचलं, मग पुस्तक उलटं करून लिहिणाऱ्याचं नाव वाचलं, कधी छापलं ते वाचलं, आणि रजिस्टरवर सही करून घरी घेऊन गेला.